इलेक्ट्रॉनिक सहीची वैद्यकीय कागदपत्रे: खरी कशी ओळखावीत, कुठे चालतात आणि सही करताना काय पाहावे

रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. डॉक्टरांची चिठ्ठी पीडीएफमध्ये मिळते. ॲडमिट होताना कागदाऐवजी टॅब पुढे केला जातो आणि बोटाने सही करायला सांगतात. विम्याचा फॉर्म ओटीपी दिला की पूर्ण होतो. अशा वेळी रुग्ण आणि नातेवाईक तीन प्रश्न हमखास विचारतात: ही सही खरी आहे का? ती कायद्याने चालते का? आणि माझ्या सहीचा कुणी गैरवापर तर करणार नाही ना? या लेखात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भारतातील कायदा आणि रुग्णालयातील रोजचा व्यवहार यांच्या आधाराने दिली आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

• इलेक्ट्रॉनिक सहीला भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार मान्यता आहे. फक्त कागदावर नाही म्हणून कागदपत्र अवैध ठरत नाही.
• सहीचे चित्र चिकटवणे आणि डिजिटल सही करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• डिजिटल सही फाइलमध्ये असते. प्रिंट काढली किंवा स्क्रीनशॉट घेतला की ती तपासता येत नाही.
• सही खरी असली तरी आतली माहिती बरोबर असेलच असे नाही.
• तुम्ही दिलेला ओटीपी ही अनेक ठिकाणी तुमची सहीच असते.
• मृत्युपत्र आणि घरच्या माणसाला दिलेले मुखत्यारपत्र इलेक्ट्रॉनिक सहीने होत नाही. त्यासाठी कागदच लागतो.

सहीचे तीन प्रकार

१. सहीचे चित्र. डॉक्टरांनी कागदावर केलेली सही स्कॅन करून रिपोर्टच्या खाली लावलेली असते. दिसायला ती हुबेहूब असते, पण ती कुणीही कापून दुसऱ्या कागदावर लावू शकतो. कागदपत्र नंतर बदलले तरी या चित्रावरून ते कळत नाही. म्हणून पुरावा म्हणून ही सर्वात कमकुवत.

२. साधी इलेक्ट्रॉनिक संमती. टॅबवर बोटाने काढलेली सही, ‘मला मान्य आहे’ या चौकोनातली खूण, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी. इथे सहीच्या आकारापेक्षा तिच्यामागची नोंद महत्त्वाची असते: कोणत्या नंबरवर ओटीपी गेला, किती वाजता, कोणत्या मजकुरासाठी. अशी संमती करार म्हणून चालू शकते. वाद झाला तर ती नोंद किती विश्वासार्ह आहे हे दाखवावे लागते.

३. प्रमाणपत्रावर आधारित डिजिटल सही. हिला कायद्याचा सर्वात भक्कम आधार आहे. यात दोन मार्ग आहेत. डॉक्टर किंवा लॅबचे प्रमुख यूएसबीसारख्या दिसणाऱ्या टोकनवर आपले डिजिटल प्रमाणपत्र ठेवतात आणि त्याने सही करतात. दुसरा मार्ग आधारवर चालणाऱ्या ई-साइनचा: आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, ओळख पटते आणि त्या एका सहीपुरते प्रमाणपत्र तयार होते. अशी प्रमाणपत्रे देण्याचा परवाना केंद्र सरकारचे प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक, म्हणजे सीसीए, हे कार्यालय काही संस्थांना देते.

डिजिटल सही काम कशी करते?

फाइलवर सही होते तेव्हा संगणक संपूर्ण मजकुराचा एक छोटा ‘ठसा’ काढतो. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. सही करणाऱ्याजवळ एक गुप्त किल्ली असते. त्या किल्लीने हा ठसा बंद करून फाइलला जोडला जातो. तिची जोडीदार असलेली उघड किल्ली प्रमाणपत्रात असते, आणि तिने कुणीही तपासू शकतो की हा ठसा त्याच गुप्त किल्लीने बंद केला होता का, आणि आजचा मजकूर त्या ठशाशी जुळतो का.

म्हणून डिजिटल सही दोनच गोष्टी सांगते: सही कोणाच्या प्रमाणपत्राने झाली, आणि सही झाल्यानंतर मजकूर बदलला का. रक्ताचा नमुना तुमचाच होता का, ट्यूबवर नाव बरोबर लिहिले होते का, हे ती सांगू शकत नाही. डिजिटल सही असलेल्या रिपोर्टवर रक्तगट ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिला असला, तरी रक्त चढवण्यापूर्वी रुग्णालय नवा नमुना घेऊन गट आणि क्रॉसमॅच पुन्हा तपासते ते याचसाठी. त्याला ‘दुप्पट खर्च’ समजून विरोध करू नका. ती तुमच्या जिवाची काळजी आहे.

कायदा काय म्हणतो?

• माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. एखाद्या कायद्याला लेखी कागद किंवा सही हवी असेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंद आणि विहित पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही यांनी ती गरज पूर्ण होते, असे त्याच्या कलम ४ आणि ५ मध्ये म्हटले आहे.
• २००८ च्या दुरुस्तीने ‘डिजिटल सही’च्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक सही’ ही व्यापक संकल्पना आली. अशी सही विश्वासार्ह मानायची तर ती सही करणाऱ्याशीच जोडलेली हवी, सही करताना तिच्यावर त्याचेच नियंत्रण हवे आणि नंतर केलेला बदल पकडता आला पाहिजे.
• आधार ई-साइनचा मार्ग २०१५ मध्ये खुला झाला.
• केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला म्हणून करार नाकारता येत नाही, हे कलम १०-अ सांगते.
• १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची असेल तर तिच्यासोबत ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून वाद होण्याची शक्यता असेल तर मूळ फाइल, ती ज्या फोनमध्ये आली तो फोन आणि आलेला संदेश तसाच ठेवा.
• दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा तशी ओळख लबाडीने वापरणे हा कलम ६६-क खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पीडीएफवरची सही घरी कशी तपासावी?

मोबाइलवरची बरीच ॲप फक्त मजकूर दाखवतात, सही तपासत नाहीत. शक्य असेल तर संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये मूळ फाइल उघडा. सहीवर किंवा वरच्या पट्टीतील सिग्नेचर पॅनेलवर क्लिक केले की पुढीलपैकी एक खूण दिसेल.

हिरवी खूण: सही जुळते, मजकूर बदललेला नाही आणि प्रमाणपत्रावर तुमच्या संगणकाचा विश्वास आहे.

पिवळे चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह, ‘व्हॅलिडिटी अननोन’ किंवा ‘सिग्नेचर नॉट व्हेरिफाइड’ असे शब्द: यामुळे सर्वाधिक घबराट होते. याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. तुमच्या संगणकाला सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची मूळ साखळी माहीत नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. सरकारी दाखल्यांवरही हे चिन्ह दिसते. प्रिंटवर ते छापले गेले म्हणून दाखला बाद होत नाही.

लाल फुली, ‘इनव्हॅलिड’ असा शब्द: सही झाल्यानंतर फाइल बदलली गेली आहे किंवा सहीत दोष आहे. अशा फाइलवर विसंबू नका. लॅब किंवा रुग्णालयाकडून ती पुन्हा मागवा.

सहीची खूणच नाही: खाली सही दिसते, पण सिग्नेचर पॅनेल येतच नाही. म्हणजे ते फक्त चित्र आहे. रिपोर्ट खोटा असेलच असे नाही, पण या सहीवरून काहीही सिद्ध होत नाही.

पिवळ्या खुणेच्या बाबतीत पुढे असे करा. प्रमाणपत्राचा तपशील उघडा आणि साखळीत सर्वात वर कोणाचे नाव आहे ते पाहा. भारतातील परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर वर ‘सीसीए इंडिया’ असे नाव आणि त्यासोबत वर्ष दिसते. तसे असेल तर ते मूळ प्रमाणपत्र ‘ट्रस्ट’ या भागात जाऊन विश्वासार्ह म्हणून नोंदवता येते. मग सही पुन्हा तपासली की हिरवी खूण येते. मात्र साखळीत वर कुणीच नाही आणि प्रमाणपत्र सही करणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेले आहे असे दिसले, तर ते विश्वासार्ह म्हणून नोंदवू नका. कोणत्याही डॉक्टरच्या नावाने असे प्रमाणपत्र घरबसल्या बनवता येते, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवला की संगणक हिरवी खूण दाखवतो.

रिपोर्टवर क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करा, पण उघडलेल्या पानाचा पत्ताही वाचा. तो त्या लॅबचा किंवा सरकारी असेल तरच पानावरची माहिती ग्राह्य धरा. बनावट रिपोर्टवर बनावट पानाकडे नेणारा कोडही छापता येतो.

सही टिकवायची तर फाइल कशी पाठवावी?

क्लेमसाठी कागद पाठवताना घरच्यांच्या हातून चांगली सही नकळत निकामी होते. हे टाळण्यासाठी:

• व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट किंवा फोटो पाठवू नका.
• फाइल लहान करणारी किंवा अनेक पीडीएफ एकत्र जोडणारी ॲप वापरली की सही तुटते. आधी मूळ फाइल बाजूला ठेवा, मग लागेल तर प्रतीवर काम करा.
• विमा कंपनी किंवा टीपीएने प्रिंट मागितली तर ती द्या, पण ईमेलने मूळ फाइलही पाठवा. रुग्णालयाचा शिक्का आणि हाताची सही असलेली प्रत मागितली तर ती डिस्चार्जच्या दिवशीच घ्या. नंतरच्या खेपा वाचतात.
• स्वतः तारीख, वय किंवा स्पेलिंग ‘दुरुस्त’ करू नका. नावातली चूक लॅबकडूनच सुधारून घ्या. तुम्ही चांगल्या हेतूने केलेला बदलही सही मोडतो आणि क्लेममध्ये बनावट कागद म्हणून धरला जाऊ शकतो.

सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राची मुदत नंतर संपली म्हणून जुना रिपोर्ट बाद होत नाही. सही केली त्या दिवशी प्रमाणपत्र चालू होते का, हे पाहायचे असते.

डॉक्टरांची ऑनलाइन चिठ्ठी

औषध व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ नुसार चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे एकूण प्रमाण आणि डोस हवा. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांना सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन, डिजिटल प्रत किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णाला पाठवण्याची मुभा दिली. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतही अशीच ई-चिठ्ठी मिळते.

ऑनलाइन चिठ्ठीवर हे पाहा:

• डॉक्टरांचे पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रातील ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत, गोव्यातील डॉक्टरांची गोवा वैद्यकीय परिषदेत असते. क्रमांकाबद्दल शंका असेल तर परिषदेकडे खात्री करता येते.
• तुमचे नाव, वय आणि तारीख.
• औषधाचे नाव, ताकद, किती वेळा आणि किती दिवस.

काही औषधे फोन-व्हिडिओवरच्या सल्ल्यातून देताच येत नाहीत. शेड्यूल एक्समधील औषधे आणि अमली व मनःप्रभावी पदार्थ कायद्याखालील औषधे टेलिमेडिसिनमध्ये निषिद्ध यादीत आहेत. शेड्यूल एक्ससाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि केमिस्टला एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे: गोळ्या संपण्याच्या दिवसाची वाट पाहू नका. व्हॉट्सॲपवर चिठ्ठी मागवून त्या मिळणार नाहीत, वेळेआधीच डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.

केमिस्टने ऑनलाइन चिठ्ठी पाहून डॉक्टरांना फोन केला किंवा मूळ चिठ्ठी मागितली तर रागावू नका. तीच पीडीएफ चार दुकानांत दाखवून चार वेळा औषध घेता येते, याची त्यालाही काळजी असते.

लॅबचा रिपोर्ट: सही कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजीच्या आदेशात म्हटले की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही किंवा प्रतिस्वाक्षरी हवी. म्हणून रिपोर्ट हातात आला की सहीखालचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचा. फक्त ‘लॅब इनचार्ज’ लिहिले असेल, किंवा एकाच डॉक्टरांच्या सहीचे चित्र पहाटे, रात्री आणि वेगवेगळ्या गावांतल्या रिपोर्टवर सारखेच दिसत असेल, तर ते डॉक्टर रिपोर्ट पाहतात का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बायोप्सी, कर्करोगाचे मार्कर, रक्त पातळ करणाऱ्या औषधासाठीचा आयएनआर किंवा गरोदरपणातील तपासणी यांवर पुढचा मोठा निर्णय अवलंबून असतो. अशा रिपोर्टबद्दल शंका असेल तर लॅबला फोन करून रिपोर्ट क्रमांक आणि निकाल पडताळून घ्या. आकडा अनपेक्षित असेल तर सही कितीही पक्की असली तरी तपासणी पुन्हा करणे योग्य.

टॅबवरचे संमतीपत्र

संमती आणि सही या एकच गोष्टी नाहीत. संमती म्हणजे समजून घेऊन, दबावाशिवाय दिलेला होकार. सही ही त्याची खूण. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात हे स्पष्ट केले. रुग्णाने दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजाशय काढले गेले. न्यायालयाने ही संमती ग्राह्य धरली नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकणारी प्रौढ व्यक्ती होती. तपासणीसाठीची संमती उपचाराला लागू होत नाही, हेही न्यायालयाने सांगितले.

सही कागदावर असो की टॅबवर, हा नियम सारखाच आहे. टॅबवर एक अडचण जास्त असते: पडद्यावर फक्त सहीचा चौकोन दिसतो, वरची पाने दिसत नाहीत. म्हणून बोट टेकवण्यापूर्वी:

• ‘मला पूर्ण मजकूर वाचायचा आहे’ असे सांगा आणि पहिल्या पानापासून वाचा. मराठीत हवा असेल तर मागा. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या.
• कोणती प्रक्रिया, कशासाठी, फायदा काय, धोके कोणते, दुसरा पर्याय कोणता आणि काहीच केले नाही तर काय होईल, ही उत्तरे डॉक्टरांकडून मिळाली का ते पाहा.
• प्रक्रियेचे नाव आणि बाजू, म्हणजे डावा किंवा उजवा, भरलेली आहे का ते पाहा. रिकाम्या फॉर्मवर सही करू नका.
• ॲडमिट होतानाची एकच सही भूल, शस्त्रक्रिया आणि रक्त देणे या सगळ्यांसाठी वापरली जाणार का, हे विचारा.
• सही झाल्यावर प्रत ईमेलवर किंवा प्रिंटमध्ये मागा.
• सही केल्यानंतरही, प्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, तुम्ही संमती मागे घेऊ शकता.

शुद्धीवर असलेल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाची सही त्यानेच करायची असते. मुलगा, नवरा किंवा सून यांनी सही केली म्हणून रुग्णाला विचारण्याची गरज संपत नाही. आणि उलट बाजूनेही लक्षात ठेवा: अपघात, झटका, रक्तस्राव अशा जिवावरच्या प्रसंगी सही किंवा ओटीपी मिळेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. सिस्टीम बंद आहे, आधारला नंबर जोडलेला नाही, ही कारणे तिथे चालत नाहीत.

ओटीपी म्हणजे तुमची सही

रुग्णालयाच्या काउंटरवर मागितलेला प्रत्येक ओटीपी सारखा नसतो. एक फक्त मोबाइल नंबर पडताळतो. दुसरा आभा क्रमांकाखालच्या तुमच्या नोंदी दाखवण्याची परवानगी देतो. तिसरा विम्याच्या फॉर्मवर सही करतो. चौथा कर्जाच्या करारावर सही करतो. दात, वंध्यत्व, केसांचे रोपण किंवा सौंदर्य-शस्त्रक्रिया अशा उपचारांसाठी ‘सोपे हप्ते’ सुचवले जातात, तेव्हा तो हप्ता म्हणजे बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. उपचार अर्धवट सोडले तरी हप्ते चालू राहू शकतात.

• ओटीपीचा संदेश पूर्ण वाचा. कोणाकडून आला आणि कशासाठी, हे त्यात लिहिलेले असते.
• फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आकडे स्वतः टाका.
• कर्ज असेल तर मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार ते कर्जदाराला द्यावे लागते, आणि ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते.
• वृद्ध आई-वडिलांच्या आधारला त्यांचाच नंबर जोडा. एजंटचा किंवा शेजाऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर त्यांची सही त्या माणसाच्या खिशात आहे असे समजा.
• आधार कुठे आणि कधी वापरला गेला याची नोंद यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर पाहता येते. बायोमेट्रिक लॉकही करता येते.

इथे इलेक्ट्रॉनिक सही चालत नाही

मृत्युपत्र: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने मृत्युपत्र या कायद्याबाहेर ठेवले आहे. २०२२ मध्ये अनुसूची बदलली, पण मृत्युपत्राबाबत बदल झाला नाही. अतिदक्षता विभागातून टॅबवर किंवा ई-साइनने केलेले मृत्युपत्र टिकणार नाही. ते कागदावर, रुग्णाच्या सहीने किंवा अंगठ्याने आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करावे लागते.

मुखत्यारपत्र: घरच्या व्यक्तीला दिलेले मुखत्यारपत्रही इलेक्ट्रॉनिक सहीने होत नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच कुटुंबांना उशिरा कळते. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती निर्णय घेण्यास अक्षम झाली की साधे मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते करून ठेवले, त्याच प्रसंगी ते उपयोगी पडत नाही. कोमातील रुग्णाच्या बँक खात्यासाठी किंवा मालमत्तेसाठी पालक नेमण्याची विनंती उच्च न्यायालयाकडे करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केल्या आहेत.

लिव्हिंग विल, म्हणजे आगाऊ वैद्यकीय निर्देश: बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करायचे असते. एखाद्या ॲपवर भरलेला फॉर्म एवढ्याने हे पूर्ण होत नाही. मात्र साक्षांकित झालेला निर्देश तुम्ही आपल्या डिजिटल आरोग्य नोंदीत ठेवू शकता, आणि ते सोयीचे आहे. त्याची प्रत ज्यांना निर्णयाचा अधिकार दिला त्यांच्याकडे, फॅमिली डॉक्टरांकडे आणि महापालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी.

मानसिक आजार: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ खाली आपला प्रतिनिधी नेमायचा तर साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा देणे पुरते. स्टॅम्प पेपर लागत नाही.

नातेवाईक परदेशात असतील तर?

मुलगी अमेरिकेत, आई पुण्यात ॲडमिट, अशी घरे आता अनेक आहेत. आई शुद्धीवर असेल तर संमती आईचीच. मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलून निर्णय घ्यायला काहीच हरकत नाही, पण मुलीने ईमेलवर पाठवलेली सही आईच्या होकाराची जागा घेत नाही. आई बेशुद्ध असेल तर रुग्णालय जवळ असलेल्या नातेवाइकाशी बोलते. म्हणून परदेशातील मुलांनी इथल्या एका माणसाचे नाव आधीच रुग्णालयाला लेखी कळवावे. परदेशी कंपनीच्या ॲपने केलेली सही भारतातील परवानाधारक साखळीत नसेल तर बँक किंवा विमा कंपनी ती नाकारू शकते. पैशाच्या व्यवहारासाठी मुखत्यारपत्र लागणार असेल तर ते कागदावर, तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून मागवावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिजिलॉकरमधला दाखला मूळ मानला जातो का? संबंधित कार्यालयाने थेट डिजिलॉकरमध्ये दिलेला दाखला मूळ कागदपत्राच्या बरोबरीचा आहे. तुम्ही स्वतः स्कॅन करून टाकलेली फाइल मात्र फक्त प्रतच राहते.

आभा क्रमांक म्हणजे सही आहे का? नाही. तो तुमच्या आरोग्य नोंदी जोडणारा १४ आकडी क्रमांक आहे.

रुग्णालय संगणकीय नोंदींची प्रत देण्याचे टाळत असेल तर? वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. अर्ज लेखी द्या आणि पोहोच घ्या.

माझ्या नावाने खोटी सही झाली आहे असे वाटते. काय करू? प्रथम संबंधित रुग्णालय, विमा किंवा वित्तसंस्थेला लेखी कळवा आणि सहीची नोंद मागा: कोणता नंबर, किती वाजता, कोणता मजकूर. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. फोनमधले संदेश पुसू नका.

सही करताना घाई करणारा माणूस समोर असेल, तर एकच वाक्य पुरते: ‘आधी वाचतो, मग सही करतो.’ जीव वाचवण्याची तातडी नसेल तर पाच मिनिटे थांबायला कोणत्याही चांगल्या डॉक्टरांची हरकत नसते.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. मालमत्ता, मृत्युपत्र किंवा वादग्रस्त क्लेम यांबाबत वकिलांचा आणि उपचारांबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.